वाळूवरचा संसार

घरटे म्हटले, की बाभळीला लोंबणारा सुगरणीचा खोपा आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु अमेरिकेच्या समुद्रकिनाऱ्यांवरील लघु सुरय हा पक्षी घरट्यासाठी काडीदेखील गोळा करीत नाही. उघड्या पुळणीवर वाळू सारून तो एक उथळ खळगा करतो. तेच त्याचे घरटे!

तेथील सुरय पक्ष्यांत हा सर्वांत लहान. लांबी जेमतेम २२ सेंटिमीटर, डोक्यावर काळी टोपी, पांढरे कपाळ आणि पिवळी चोच. वसंत ऋतूत हे पक्षी दक्षिणेकडून येतात. नर आपल्या चोचीतील मासोळी मादीला अर्पण करतो आणि संसारास आरंभ होतो. अशा अनेक जोड्यांची मिळून एक वसाहत होते.

मादी बहुधा दोन अंडी घालते. ती वाळूच्याच रंगाची व ठिपकेदार असल्यामुळे जवळून पाहिले तरी चटकन ओळखू येत नाहीत. सुमारे तीन आठवडे मायबाप ती आळीपाळीने उबवतात. ऊन फार तापले, की ते पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात व ओल्या अंगाने अंड्यांवर बसून त्यांना गारवा देतात. शत्रू दिसताच सारी वसाहत कर्कश ओरडत त्याच्यावर झेपावते.

कावळ्या-कोल्ह्यांपासून अंड्यांना लपविणारा हा रंग माणसापुढे मात्र निरुपयोगी ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांच्या टोप्या पिसांनी सजविण्यासाठी असंख्य सुरय मारले गेले. १९१८ च्या कायद्याने त्यांना अभय मिळाले. पण पुढे किनाऱ्यांवर घरे, रस्ते झाले, माणसांची वर्दळ वाढली. न दिसणारी अंडी पायांखाली चिरडू लागली. कोणी नुसते जवळ उभे राहिले, तरी भ्यालेले मायबाप उडून जात आणि तेवढ्यात अंडी उन्हाने करपत. कॅलिफोर्नियात १९७० च्या सुमारास अवघ्या ६०० च्या आसपास जोड्या उरल्या होत्या.

तेव्हा लोक जागे झाले. विणीच्या जागांभोवती कुंपणे उभारली गेली, स्वयंसेवक पहारा देऊ लागले. हळूहळू जोड्यांची संख्या हजारांवर गेली.

मुलांनो, या पक्ष्याला आपल्याकडून अन्न नको की निवारा नको. चार महिने पुळणीचा एक तुकडा आपण मोकळा सोडावा, एवढेच त्याला पुरेसे आहे. रिकामी दिसणारी वाळू रिकामी असतेच असे नाही.