बीपीची गोळी फडापर्यंत गेली पाहिजे

मांजरसुंब्याच्या चौकात धुळे-सोलापूर महामार्गाला पाटोदा-केज रस्ता छेदतो. दिवाळी झाली की ऊसतोड मजुरांच्या गाड्या या वाटेने कारखान्यांकडे निघतात. या भागात आशा म्हणून काम करताना बीपी-शुगरबद्दल जे कळलं, ते सांगते.

१. जगाचा ठराव आमच्या फॉर्मात उतरतो. सप्टेंबर २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांत असंसर्गजन्य आजारांवर पहिली उच्चस्तरीय बैठक झाली. या आजारांनी होणारे अकाली मृत्यू २०३० पर्यंत एक तृतीयांशाने कमी करायचे, हे २०१५ मध्ये सगळ्या देशांनी मान्य केलं. आम्ही तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतो, तो याच कामाचा भाग. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातले आजार. गुणांची बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासणीला पाठवायचं.

२. बीपी दुखत नाही, म्हणून गोळी सुटते. "आता चक्कर येत नाही, मग गोळी कशाला?" असं काकू विचारतात. मी सांगते, "काकू, गोळी चालू आहे म्हणूनच बरं वाटतंय." लकवा मारल्यावर पटवण्यात काही अर्थ उरत नाही.

३. मिश्रीचं नाव घेऊन विचारा. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारावर भारताने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केलं, राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. पण "तंबाखू खाता का?" म्हटलं की बायका नाही म्हणतात. "सकाळी मिश्री लावता का?" म्हटलं की लगेच डबी दाखवतात.

४. बिऱ्हाडाबरोबर गोळ्या बांधा. पेटी, तवा, पिठाचं पोतं, कोयता, सगळं गाडीत चढतं. गोळ्या मात्र थोड्याच दिवसांच्या असतात. त्या संपल्या की फडावरून दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. म्हणून निघतानाच दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आणि बीपी लिहिलेला कागद हातात हवा. पुढच्या गोळ्या कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याने त्या कागदावर द्यायला हव्यात.

५. तपासले किती यापेक्षा आटोक्यात किती, ते मोजा. मे २०२३ मध्ये केंद्राने २०२५ पर्यंत साडेसात कोटी बीपी-शुगरच्या रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणायचं ठरवलं. सप्टेंबर २०२५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीसाठीच्या जाहीरनाम्यात २०३० पर्यंत जगात आणखी १५ कोटी लोकांचा रक्तदाब आटोक्यात आणण्याचं लक्ष्य आहे. हे लक्ष्य योग्य आहे. वहीत नाव चढलं म्हणजे काम झालं असं नाही. बीपी १४०/९० च्या खाली आला आणि तिथेच राहिला, तर झालं.

दसऱ्याच्या आधी आपल्या उपकेंद्रात जा आणि विचारा: फडावर जाणाऱ्यांच्या गोळ्या आल्या का? नसतील तर ग्रामसभेत विषय मांडा. गाड्या सुटल्यावर विचारून उपयोग नाही.