बारीक रेघ, साफ हिसाब

मुदतीची उधारी लिहून ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा हुकूम सूरह बकराच्या आयत २८२ मध्ये आहे. लिहिलेले वाचता आले नाही तर लिहिण्याचा हेतूच राहत नाही. आज बिले संगणकावर निघतात, तरी जांगड वही व उधारीची कच्ची वही पुष्कळ दुकानांत हातानेच लिहिली जाते. फाउंटन पेन वापरणाऱ्या बंधूंची तक्रार असते की रेघ जाड उमटते. ही बाब किरकोळ नाही. उर्दू आकड्यांत दोन आणि तीन यांत एका दात्याचा फरक आहे आणि शून्य म्हणजे नुसते टिंब. जाड रेघेत दाते मिसळतात. शाईचा बारीकसा शिंतोडा पडला तरी पाच ताक्यांचे पन्नास वाचले जातात. मग वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाशी वाद होतो.

नवे पेन घेण्याआधी पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात, असे आम्ही सुचवू.

१) कागद : ताण्याच्या सुताला सायझिंग करतात, तशी कागदालाही खळ दिलेली असते. खळ कमी असलेला कागद शाई पितो व रेघ फुटते. वही घेताना एका पानावर आडव्या-उभ्या रेघा मारून पाहाव्यात. कडा केसाळ दिसल्या किंवा शाई मागे उतरली, तर ती वही हिसाबाला घेऊ नये. पुष्कळदा दोष पेनाचा नसून कागदाचाच असतो.

२) शाई : काही शाया पातळ वाहतात, काही आखडून. आखडून वाहणाऱ्या शाईने तीच निब बारीक लिहिते. लोहक्षाराची निळी-काळी शाई कमी पसरते आणि पाण्याने सहसा धुऊन जात नाही. वहीसाठी हा दुहेरी फायदा आहे. मात्र ती पेनात सुकू देऊ नये. पेन वरचेवर साध्या पाण्याने धुवावे, नाहीतर पोलादी निब गंजते. शाईत पाणी घालू नये. त्याने अक्षर फिके होते, बारीक होत नाही.

३) हात : दाब दिला की निबची फट उघडते आणि जास्त शाई उतरते. पेनाच्या वजनानेच लिहावे. कार्बन घातलेल्या बिलबुकाला दाब लागतो, तिथे बॉलपेनच वापरावे. अगदी अरुंद रकान्यात निब उलटी धरूनही लिहिता येते, पण ती खरखरते. रोजचा उपाय तो नव्हे.

४) निब : एवढे करूनही रेघ जाड राहिली तरच निब बदलावी. ‘फाइन’ हा शिक्का सर्वत्र सारखा नसतो. जपानी फाइन निब युरोपी फाइनपेक्षा साधारणपणे बारीक असते. म्हणून शिक्का न पाहता आपल्याच वहीच्या कागदावर लिहून घ्यावे.

बोरूचा कत चाकूने हवा तसा देता येतो; निबचे तसे नाही. तिच्या टोकावर कठीण धातूचा लहानसा मणी असतो. तो पॉलिश पेपरवर घासून बारीक करणारे कारागीर आहेत, पण मणी एकदा गेला की निब कागद खरवडते. महागड्या पेनावर हा प्रयोग घरी करू नये.

पेन ठरल्यावर शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे एका ओळीत लिहून दुकानातील दुसऱ्या माणसाला वाचायला द्यावेत. तो कुठेही न अडखळता वाचू शकला, तर पेन हिसाबाला लायक समजावे.