गुलमोहर लावाच, पण जागा बघून

मे महिन्यात पनवेलच्या खांदा कॉलनीत फिरलं की कुठे ना कुठे लाल फुलांचा सडा दिसतोच. आमच्या सोसायटीतला गुलमोहरही असाच फुलायचा. पावसाळ्याच्या तोंडावर वादळी वारा सुटला आणि तो मुळासकट आडवा झाला, नेमका पार्क केलेल्या गाड्यांवर. रात्रीची वेळ, म्हणून माणसं वाचली.

सकाळी जाऊन पाहिलं, तर एवढ्या थोरल्या झाडाचा खड्डा जेमतेम गुडघाभर. मुळं सगळी आडवी पसरलेली, ताटासारखी. पश्चिमेकडची तर सरळ रेषेत तुटलेली. मागे ड्रेनेजचा पाइप टाकताना त्या बाजूला चर खणला होता, तेव्हाच ती गेली. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. झाडाला मागून धरून ठेवणारी मुळं नेमकी तीच! बुंध्याच्या तळाशी तपकिरी, लाकडासारखी टणक भूछत्रंही उगवली होती. पोरं कौतुकानं त्यांचे फोटो काढायची. अशी भूछत्रं दिसली की खोड आतून कुजायला लागलंय असं समजा आणि जाणकाराला बोलवा.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मैदानात, मोठ्या बागेत तो ऐसपैस पसरू द्या. पण इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत तो नको. त्याचं लाकूड ठिसूळ, फांद्या तशाही मोडतात. तिथे मी तामण सुचवेन. आपलं राज्यफूल, कोकणातल्या ओढ्याकाठचं झाड, त्यामुळे पावसाचं पाणी थोडं तुंबलं तरी कुरकुरत नाही. उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी भरतं. बहावाही सुंदर, पण त्याला पाण्याचा निचरा होणारी जागा हवी.

रोप घेताना उंचीला भुलू नका. पिशवीत मुळांची गुंडाळी झालेली असेल तर ती सोडवूनच लावा, नाहीतर पुढेही ती गोल गोलच वाढतात. पेव्हर ब्लॉक बुंध्यापासून निदान मीटरभर लांब ठेवा.

जुन्या झाडाची छाटणी मात्र परस्पर करू नका. १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. पनवेल महापालिकेत अर्ज एप्रिलच्या आत टाकलेला बरा. आणि गाडीची पॉलिसी काढून बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर झाड पडून झालेल्या नुकसानीचा छदामही मिळत नाही. आमच्याकडे काहींना हे गॅरेजचं बिल हातात पडल्यावर कळलं.