उपासना चालविताना पाळकाने तोंड कोणीकडे करावे?

लूथरन उपासनेत पाळक कधी वेदीकडे, तर कधी मंडळीकडे वळतो. त्याचे कारण पुष्कळांस ठाऊक नसते. मेलांख्थोन ह्याने १५३१ साली आउग्सबुर्गच्या विश्वासांगीकाराचे जे समर्थन लिहिले, त्यात देव आपणांस देतो ते आणि आपण देवास अर्पितो ते, असा भेद केला आहे. वळण्याची रीत ह्याच भेदास अनुसरून आहे. पापांगीकार व प्रार्थना ही मंडळीची वाणी. तेव्हा पाळकाने मंडळीसह वेदीकडे तोंड करावे. क्षमेची घोषणा, शास्त्रपाठ व आशीर्वाद देवाकडून येतात. ते मंडळीकडे वळून द्यावे. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकाने लोकांकडेच तोंड करावे, अशी इच्छा लूथराने १५२६ च्या जर्मन उपासनाक्रमात दर्शविली. तथापि जुन्या वेद्या त्याने घाईने हलविल्या नाहीत. म्हणून वेदी भिंतीस लागून आहे की सुटी, ह्यावरून वाद घालू नये.

मी स्वतः कित्येक वर्षे क्षमेची वाक्ये पुस्तकात मान घालून वाचीत असे. एके दिवशी एका म्हाताऱ्या बाईंनी विचारिले, “पाळकसाहेब, ही क्षमा पुस्तकाला की आम्हांला?” मी निरुत्तर झालो. त्या आठवड्यात ती वाक्ये पाठ केली. आता मी पापांगीकारानंतर क्षणभर थांबतो, सावकाश वळतो, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पाहून मग बोलतो.