एक सर्व्हर, तीन यंत्रे : कोअर आणि मेमरी यांची वाटणी

एकाच संगणकात सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र संगणक उभे करता येतात. त्यांस आभासी यंत्रे म्हणतात. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएमने आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ सालीच जाहीर केली होती. आज लिनक्समधील केव्हीएममुळे ही सोय साध्या संगणकावरही विनामूल्य मिळते.

समजा, शाळेत चार कोअर व १६ जीबी मेमरी असलेला एकच सर्व्हर आहे. त्यावर निकालांचा डेटाबेस, फाइलींचा साठा आणि विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅमिंग सरावाचे यंत्र अशी तीन आभासी यंत्रे चालवावयाची आहेत.

वसतिगृहात चार नळांवर चाळीस मुलांचे भागते, कारण प्रत्येक जण बादली भरून बाजूला होतो. कोअरचे तसेच आहे. ते पाळीपाळीने वापरले जातात. म्हणून तीन यंत्रांना अनुक्रमे दोन, एक व दोन असे एकूण पाच आभासी कोअर देण्यास हरकत नाही. मात्र येथे औदार्य अंगाशी येते. एका आभासी कोअरने सामाईक माहितीला कुलूप लावले आणि तेवढ्यात त्याची पाळी संपली, तर त्याच यंत्राचे उरलेले कोअर कुलूप उघडण्याची वाट पाहत व्यर्थ फिरत राहतात. आभासी यंत्रात 'टॉप' ही आज्ञा दिल्यावर 'एसटी'लगतचा आकडा सतत वाढलेला दिसला, तर यंत्राला पाळीसाठी ताटकळावे लागत आहे असे समजावे.

मेमरी मात्र खाटेसारखी आहे. ज्याने ती व्यापली, तो उठेपर्यंत दुसऱ्यास मिळत नाही. मूळ सर्व्हरसाठी दोन, डेटाबेसला सहा, फाइलींना दोन व सरावाला चार जीबी दिल्यास दोन शिल्लक राहतात. ती शिल्लकच राहू द्यावी. मुलांच्या आग्रहाखातर सरावाला आणखी चार दिली, तर बेरीज १८ होते. सर्व यंत्रे भरात आली की सर्व्हर डिस्कवरील राखीव जागा वापरू लागतो व सारेच मंदावते. तीही संपली की लिनक्स एखादी प्रक्रिया बळेच बंद करतो. केव्हीएममध्ये प्रत्येक आभासी यंत्र ही मूळ सर्व्हरच्या दृष्टीने एक प्रक्रियाच असते, आणि निवड करताना मेमरीचा वापर मुख्यतः पाहिला जातो. त्यामुळे आगंतुक वाचून डेटाबेसच बळी पडू शकतो, तोही निकालाच्या दिवशी.

वापरात नसलेली मेमरी परत घेणारी 'बलून' नावाची युक्ती आहे. ती सरावाच्या यंत्रास लावावी. डेटाबेसची मेमरी स्थिर ठेवावी. प्रारंभी दोनच यंत्रे चालवून आठवडाभर आकडे नोंदवावेत, तिसरे त्यानंतर सुरू करावे.