व्हिडिओ गेम नक्की खेळतं कोण?

गेल्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली होती. "आई, तू व्हिडिओ गेम खेळतेस का गं?" असं विचारलं, तर म्हणाली, "छे! ती पोरासोरांची कामं." बोलताना तिचं बोट मात्र फोनवर कँडी क्रशच्या गोळ्या जुळवत होतं. तुमच्याही घरी विचारून बघा.

प्यू रिसर्च सेंटरने २०१५ साली अमेरिकेतल्या प्रौढांना साधारण हेच विचारलं, पण प्रश्नातच संगणक, टीव्ही आणि फोन यांचा उल्लेख होता. ४९ टक्के लोक "खेळतो" म्हणाले. पुरुष ५० टक्के, बायका ४८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. पण स्वतःला 'गेमर' म्हणवून घेणारे जेमतेम १० टक्के! आणि खेळणारे बहुतेक पुरुषच असतात, असं ६० टक्के लोकांना वाटत होतं.

आता उलट बाजूची चूक बघा. अमेरिकेतल्या गेम उद्योगाच्या संघटनेने २०१४ मध्ये जाहीर केलं की, खेळणाऱ्यांपैकी ३६ टक्के प्रौढ स्त्रिया आहेत आणि १८ वर्षांपर्यंतचे मुलगे फक्त १७ टक्के. झालं, 'मुलांपेक्षा बायकाच दुप्पट खेळतात' अशी समजूत पसरली. थांबा, जरा गणित करू. त्या वेळी अमेरिकेत प्रौढ स्त्रिया सुमारे साडेबारा कोटी होत्या आणि मुलगे पावणेचार कोटींच्या आसपास. म्हणजे बायका मुळातच तिपटीहून जास्त, पण खेळणाऱ्यांत मात्र दुप्पटच. तेव्हा शंभर मुलगे आणि शंभर बायका घेतल्या, तर खेळणारे मुलगेच जास्त निघतील. आकडा खरा, त्यातून काढलेला अर्थ चुकीचा. (संघटनेलाही आपलं गिऱ्हाईक सगळ्या वयांत आहे हे दाखवायचंच असतं, हे लक्षात ठेवलेलं बरं.)

विक्रीचे आकडे तर याहून फसवे. निन्टेंडोचं २००६ सालचं 'वी' हे यंत्र दहा कोटींवर खपलं. टीव्हीसमोर हात हलवून टेनिस खेळायचं, त्यामुळे एरवी गेमला हात न लावणारी मंडळीही त्यात आली. २०१२ मध्ये आलेलं त्याच्या पुढचं 'वी यू' जेमतेम १ कोटी ३५ लाख खपलं. मग बाकीच्यांनी खेळणं सोडलं का? तसं काही त्या आकड्यावरून कळत नाही. 'वी यू'चं नाव गोंधळात टाकणारं होतं, शिवाय मधल्या काळात, २००८ मध्ये, ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं होतं. फुकट उतरवून घेता येणारे खेळ खिशातल्या फोनवर आले. असा खेळ 'विकला' जातच नाही. कमाई होते ती जाहिरातींतून, किंवा खेळताना अडलेला एखादा माणूस चार पैसे मोजतो त्यातून.

आईने आजवर एक पैसाही मोजलेला नाही. त्यामुळे विक्रीच्या कुठल्याही तक्त्यात ती नाही. प्यूसारखा फोनचं नाव घेऊन प्रश्न विचारला, तरच ती सापडेल. आणि ती रोज रात्री तासभर खेळते.