दीर्घ श्वसन आणि वेदनाशमन

वेदना ही शरीराने धाडलेली सूचना होय. परंतु निरोप्या निरोप सांगून झाल्यावरही दाराशी ओरडत राहिला, तर घरात स्वस्थता कशी लाभावी? सुरतेतील आपला व्यवसाय बहुतांशी बैठकीचा. कापडबाजारात गादीवर बसणारा व्यापारी असो, वा मान वाकवून हिऱ्यास पैलू पाडणारा कारागीर असो, मान, पाठ व कंबर यांचे दुखणे उभयतांच्या परिचयाचे आहे.

दुखू लागताच आपण नकळत श्वास रोखतो, अथवा तो उथळ व जलद होतो. स्नायू आवळतात, आणि आवळलेले स्नायू अधिकच दुखतात. विश्रांतीत प्रौढ मनुष्य मिनिटास सुमारे १२ ते २० श्वास घेतो. ते ६ वर आणले असता, विशेषतः श्वास सोडताना, व्हेगस मज्जातंतूच्या द्वारे हृदयाची गती मंदावते व मनाची धास्ती ओसरते.

गुजरातेत डभोई येथे १८८३ साली जन्मलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून प्राणायामाचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला. पुढे २०१२ साली जर्मनीत १६ निरोगी व्यक्तींवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संथ श्वसन दोन रीतींनी करविले होते. ज्या रीतीत सतत सावध लक्ष ठेवावे लागे, तीत वेदना जाणवण्याची मर्यादा वाढली नाही. अंग सैल सोडून केलेल्या श्वसनात मात्र ती वाढली.

येथे कायोत्सर्गाचे स्मरण होते. त्याचा हेतू आत्मशुद्धी हाच. तथापि देह सैल सोडणे व काळ श्वासांनी मोजणे या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. श्वेतांबर परंपरेत नवकाराचे ८ व लोगस्सचे २५ श्वासोच्छ्वास गणले जातात. २००३ साली सुरतेत चातुर्मास केलेल्या आचार्य महाप्रज्ञांच्या प्रेक्षाध्यानातही दीर्घश्वासास स्थान आहे.

अभ्यासाची रीत सोपी आहे. पाठ टेकून बसावे वा उताणे पडावे. जबडा व खांदे सैल सोडावेत. नाकाने चार सेकंद श्वास घेताना पोट वर येऊ द्यावे. सहा सेकंदांत तो सावकाश सोडावा. मध्ये श्वास रोखू नये. पाच ते दहा मिनिटे पुरेत. चक्कर आल्यास थांबावे.

याने दुखण्याचे मूळ जात नाही, केवळ त्याची तीव्रता सुसह्य होते. म्हणून छातीत कळ आली, अथवा अकस्मात असह्य वेदना उठली, तर श्वास मोजीत न बसता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. आधी निरोप ऐकावा. निरोप्यास शांत करणे त्यानंतरचे.